रद्द करण्याचा अधिकार कोणाचा?

(बोरीवली पूर्व येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

आजच्या विषयाचे नाव पत्रकात "ग्राहकाचे हक्क" असे छापले गेले आणि ते वाचून आपल्यातील काही जुन्या साथींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. ग्राहक हा मध्यमवर्गाचा विषय. घरात बसून बटण दाबणाऱ्यांची गाऱ्हाणी आपण कशाला वाहायची, असा त्यांचा भाव आहे. त्यांच्याशी वाद घालण्यापूर्वी मी एक हकीकत सांगतो. ती येथून चालत वीस मिनिटांच्या अंतरावर घडली आहे.

काजूपाड्यातील एक भगिनी पोळीभाजीचे डबे करते. पहाटे चारला कणीक मळायला बसते, ती साडेसातला उठते. दोन्ही मनगटे दुखतात. गेल्या दिवाळीच्या आधी एका कचेरीतील चाळीस डब्यांचे काम तिला मिळण्याची चिन्हे दिसू लागली. हाताने एवढे होणे नाही, म्हणून कणीक मळण्याचे यंत्र घ्यावे असे तिने ठरवले. बचत गटाकडून दरमहा दोन टक्के व्याजाने पंधरा हजार रुपये काढले, पदरचे अठराशे घातले, आणि मुलाच्या मोबाईलवरून एका मोठ्या ऑनलाइन दुकानात सोळा हजार आठशे रुपयांचे यंत्र मागवले. पैसे त्याच क्षणी गेले. "आपली ऑर्डर निश्चित झाली आहे" असा संदेश आला. चार दिवसांत यंत्र येईल असे त्यात लिहिले होते. तिने कचेरीला होकार कळवला.

पाचव्या दिवशी दुसरा संदेश आला: काही अपरिहार्य कारणामुळे आपली ऑर्डर रद्द करण्यात आली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कारण कोणते, ते अपरिहार्य कसे, याचा उल्लेख नाही. पैसे बाराव्या दिवशी परत आले. तोवर सेल संपला होता आणि तेच यंत्र, त्याच दुकानात, एकोणीस हजार पाचशे रुपयांना दिसत होते. म्हणजे माल संपला नव्हता. कचेरीने डबे दुसऱ्याला दिले. बचत गटाला बारा दिवसांचे एकशेवीस रुपये व्याज तिने भरले. कंपनीने त्याच बारा दिवसांचे तिला एक पैही दिली नाही. मुलाने फोन लावला, तेव्हा पलीकडचा मुलगा अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडमचे पूर्ण पैसे परत झाले आहेत, मग तक्रार कशाची?"

या एका वाक्यात या व्यवहाराचे सारे तत्त्वज्ञान आले. पैसे परत केले की कंपनीच्या लेखी काही घडलेलेच नसते. तिने दिलेला शब्द, तिने काढलेले कर्ज, तिच्या हातून गेलेले काम, यांची नोंद करायला त्या वहीत रकानाच नाही.

आता तुम्ही विचाराल, पैसे घेऊन सौदा मोडण्याची मुभा या मंडळींना दिली कोणी? तर साथींनो, ती आपणच देतो. खरेदी करताना ज्या अटी वाचल्याची खूण आपण न वाचता करतो, त्यांत बहुधा असे एक कलम असते की ऑर्डर निश्चित झाल्याचा संदेश म्हणजे विक्रीचा स्वीकार नव्हे. माल गोदामातून बाहेर पडेल तेव्हाच करार झाला असे समजावे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. प्रस्ताव आणि स्वीकार या त्याच्या दोन खुंट्या. स्वीकार केव्हा झाला हे ठरवण्याचा अधिकार एकाच पक्षाने स्वतःकडे ठेवला, की दुसरा पक्ष पैसे देऊनही करारावाचून राहतो. ग्राहक पहिल्या मिनिटाला बांधला जातो, विक्रेता मात्र त्याला सोयीचे वाटेल तेव्हा. जांबळी गल्लीतील एखाद्या दुकानदाराने विसार घेऊन तोच माल चढ्या भावाने दुसऱ्याला विकला असता, तर संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत त्याची छी-थू झाली असती. तीच गोष्ट अटींच्या चाळिसाव्या परिच्छेदात लिहून ठेवली म्हणजे तिला व्यापारी धोरण म्हणतात.

दुसरी ढाल याहून मोठी आहे. तक्रार घेऊन गेलात की उत्तर येते, "आम्ही विकतच नाही. आम्ही केवळ बाजारपेठ आहोत. विक्रेता निराळा." याचा इतिहास कार्यकर्त्यांनी समजून घ्यावा असा आहे. परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाइन कंपनीने स्वतःच्या मालकीचा माल थेट ग्राहकाला विकू नये, तिने केवळ विक्रेते आणि ग्राहक यांना एकत्र आणावे, असे आपल्या सरकारचे धोरण आहे. डिसेंबर २०१८ मधील प्रसिद्धिपत्रकाने ते अधिक कडक झाले व १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आले. हेतू होता छोट्या दुकानदाराचे रक्षण करण्याचा. पण बंधनातूनही पळवाट काढणे हे भांडवलाचे जुने कसब. जाहिरात कंपनीची, सवलत कंपनीची, पैसे कंपनीकडे, माल कंपनीच्या गोदामात, आणणारा मुलगा कंपनीचा टी-शर्ट घातलेला. आणि जबाबदारी मात्र पडद्यामागच्या अशा कोणा विक्रेत्याची, ज्याचे नाव आपण बिलावर प्रथमच वाचतो.

ही ढाल भेदता येते, हे मुंबईतच सिद्ध झाले आहे. दादरच्या एका ग्राहकाने १० जुलै २०२२ रोजी फ्लिपकार्टवर आयफोन मागवला आणि क्रेडिट कार्डाने ३९,६२८ रुपये भरले. १२ जुलैला फोन मिळायचा होता. मिळाला नाही, काही दिवसांनी ऑर्डर रद्द झाल्याचा संदेश तेवढा मिळाला. माल पोचवणाऱ्याने वारंवार प्रयत्न केले, पण ग्राहक उपलब्ध नव्हता, असे त्याला सांगण्यात आले. पुन्हा ऑर्डर करा, असा सल्लाही मिळाला. पण पुन्हा ऑर्डर करायची तर जास्त पैसे मोजावे लागत होते. आम्ही मध्यस्थ आहोत, हा बचाव कंपनीने घेतलाच. मध्य मुंबई जिल्हा ग्राहक आयोगाने २०२४ च्या सुरुवातीस निकाल दिला तो असा, की ही ऑर्डर एकतर्फी आणि अधिक नफ्याच्या हेतूने रद्द केली गेली आणि ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मनस्तापाबद्दल दहा हजार व खर्चाचे तीन हजार रुपये देण्याचा आदेश झाला. पैसे परत केले होते, तरीही. माझ्या मते त्या निकालाचे मोल या दोन शब्दांत आहे.

त्याआधीचे ओडिशाचे एक प्रकरण आहे. २०१४ साली कायद्याच्या एका विद्यार्थ्याने ॲमेझॉनवर १९० रुपयांना दाखवलेला लॅपटॉप मागवला. त्याची मूळ किंमत तेवीस हजारांच्या वर होती. ऑर्डर नोंदली गेली आणि थोड्याच वेळात किमतीतील चुकीचे कारण देऊन ती रद्द झाली. प्रकरण राज्य आयोगापर्यंत गेले आणि २०२१ साली नुकसानभरपाई व खर्च धरून पंचेचाळीस हजार रुपये देण्याचा हुकूम झाला. या प्रकरणी माझे मन तितकेसे स्वच्छ नाही, हे कबूल करतो. एकशेनव्वद रुपयांत लॅपटॉप येत नाही, हे घेणाऱ्यालाही कळते. टंकलेखनातील उघड चुकीचा फायदा उठवणे हा हक्क म्हणून आपण मिरवू नये. परंतु चूक झाली असे म्हणणाऱ्याने ती दाखवून दिली पाहिजे, त्याच दिवशी कळवले पाहिजे आणि स्वतःच्या चुकीचा भुर्दंड स्वतः सोसला पाहिजे. काजूपाड्याच्या यंत्राची किंमत चुकलेली नव्हती. ती सेलची किंमत होती आणि तिच्या जाहिराती रेल्वे स्थानकावर लागल्या होत्या.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला ई-वाणिज्याचे नियम आले. त्यांतील चौथ्या नियमात रद्द करण्याबद्दल एक तरतूद आहे. ग्राहकाने ऑर्डर रद्द केली तर त्याच्याकडून आकार घ्यायचा नाही. घ्यायचाच असेल, तर कंपनी स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द करील तेव्हा तसाच आकार तिनेही सोसला पाहिजे. वाचताना न्याय वाटतो. फिर्यादी आणि आरोपी यांना एकच माप! पण दोन मिनिटे विचार करा. कंपनी ग्राहकाकडून आकार घेत नसेल, तर स्वतः रद्द केल्यावर ती काहीही देणे लागत नाही. लाखो ऑर्डरी हाताळणाऱ्या कंपनीला एका ग्राहकाने रद्द केलेल्या ऑर्डरीचे दुःख ते काय? कंपनीने रद्द केलेल्या एका ऑर्डरीने मात्र एका बाईचे चाळीस डबे जातात. असमान पक्षांना समान नियम लावला की असमानता जशीच्या तशी शिल्लक राहते. तिला फक्त नियमाचा शिक्का मिळतो.

याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवतो. ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीच्या चालकाने फेरी स्वीकारून सबळ कारणावाचून रद्द केली, तर भाड्याच्या दहा टक्के, कमाल शंभर रुपये, दंड करावा असे केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिले आहे. प्रवाशालाही तसाच. म्हणजे रद्द करण्याची किंमत आकड्यांत ठरवता येते, सरकारला ती ठरवण्याचे सुचते, पण सुचते ते बोरीवली स्थानकाबाहेर गाडी लावून उभ्या असलेल्या चालकापाशी येऊन! सोळा हजार आठशे रुपये बारा दिवस वापरणाऱ्या कंपनीसाठी असा आकडा अजून कोणाला सुचलेला नाही.

जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने या नियमांत दुरुस्त्यांचा एक मसुदा प्रसिद्ध केला होता. विक्रेत्याने कसूर केली व ग्राहकाचे नुकसान झाले, तर बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीवरही दायित्व यावे, अशी तरतूद त्यात होती. मोठ्या कंपन्यांनी गिल्ला केला आणि पुढची वर्षे तो मसुदा मसुदाच राहिला. आपल्या निवेदनांत ही मागणी मला कधी दिसली नाही. यात सरकारचा दोष जेवढा, तेवढा आपलाही आहे.

तरी जे हाती आहे ते थोडे नाही, आणि ते कार्यकर्त्याला तोंडपाठ हवे. २०१९ च्या कायद्यात "अनुचित करार" ही कल्पना आली आहे. वाजवी कारणावाचून एकतर्फी करार मोडण्याचा अधिकार एका पक्षाला देणारी अट ही त्या व्याख्येत बसते. त्या चाळिसाव्या परिच्छेदावर चालणारे हे शस्त्र आहे; मात्र त्यासाठी जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे जावे लागते. एकट्यादुकट्या ग्राहकाचे ते काम नाही, संघटनेचे आहे. तसेच जून २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक तत्त्वांत आमिषाच्या जाहिरातीबद्दल स्पष्ट सांगितले आहे की जाहीर केलेल्या किमतीला माल विकला जाण्याची वाजवी शक्यता असली पाहिजे आणि पुरेसा साठा असला पाहिजे. सेलमध्ये हजारो ऑर्डरी गोळा करायच्या आणि मग निवडून रद्द करायच्या, हा प्रकार या कसोटीला लावून पाहण्याजोगा आहे.

पैशांबद्दल एक बारकावा सांगतो, कारण येथे गोंधळ फार होतो. खात्यातून रक्कम गेली पण ऑर्डरच नोंदली गेली नाही, तर तो फसलेला व्यवहार. त्याबद्दल रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक आहे. यूपीआयने दुकानदाराला केलेल्या अशा देण्यात पाच दिवसांत रक्कम परत आली नाही, तर पुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. ऑर्डर नोंदली गेली आणि मग कंपनीने रद्द केली, तर हे परिपत्रक लागू पडत नाही. शंभर रुपये सुटले. म्हणजे यंत्र चुकले तर दंड आहे, कंपनीने समजूनउमजून केले तर नाही! आणखी एक: परतावा ज्या मार्गाने पैसे दिले त्याच मार्गाने आला पाहिजे, ग्राहकाने स्पष्ट संमती दिल्याशिवाय तो कंपनीच्या पाकिटात किंवा कूपनात वळवता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला कंपनीला हेच बजावले, की परतावा बँक खात्यात हवा की कूपन हवे हे ग्राहकाला निवडू द्या. वस्तीत सांगा की "पाकिटात घ्या, लगेच मिळतील" या मोहाला बळी पडू नका.

तक्रारीची वाट अशी. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचे. त्याचे नाव व पत्ता जाहीर करणे कंपनीवर बंधनकारक आहे. अठ्ठेचाळीस तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, अशी मुदत आहे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तेथे मराठीत बोलता येते. मात्र हेल्पलाइन समेट घडवते, हुकूम देत नाही. हुकूम हवा तर जिल्हा आयोग. आपला, म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्याचा, वांद्रे पूर्वेस आहे. कंपनीची कचेरी बंगळुरूला असो की गुरुग्रामला, २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक राहतो तेथेच तक्रार करता येते. दोन वर्षांच्या आत करायची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आता ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. वस्तीतील बाईला तो अर्ज भरून देणे हे मी शाखेचे काम समजतो.

काजूपाड्याच्या प्रकरणात कंपनी काय म्हणणार, हे मला आताच दिसते. ही बाई धंदा करते, म्हणून ती ग्राहक नाही! व्यापारासाठी घेतलेला माल कायद्याच्या बाहेर आहे, हे खरे. पण त्याच व्याख्येखाली स्पष्टीकरण आहे की केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी प्रयोजनात मोडत नाही. पहाटे चारला उठणारी बाई म्हणजे कारखानदार नव्हे, इतके कायदा जाणतो. हे वाक्य लिहून घ्या. शिवणयंत्रवाली, रिक्षावाला, वडापावची गाडी लावणारा, सगळ्यांना ते उपयोगी पडेल.

प्रारंभी ज्या आठ्यांचा उल्लेख केला, त्यांच्याकडे आता वळतो. १९७२ साली गोरेगावच्या मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभारली. थाळ्या-लाटण्यांचा तो आवाज ज्यांनी ऐकला, त्यांतील काही येथे बसले आहेत. तेल, रॉकेल, साखर, धान्य यांची ती भांडणे होती. तो ग्राहकाचाच लढा होता, आणि त्याला कोणी मध्यमवर्गाचे गाऱ्हाणे म्हटले नाही. नायगावात १९४८ साली अपना बाजार उभा राहिला तो गिरणी कामगारांच्या वस्तीत. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली, तिने शेजारच्या कुटुंबांना एकत्र आणून महिन्याचा माल एकत्र खरेदी करायचा व आपसांत वाटून घ्यायचा, ही पद्धत रुजवली. त्या पंचायतीचे सगळे विचार आपले होते असे नाही; पण मागणी एकत्र केली की विक्रेत्याला ग्राहकाचे ऐकावे लागते, हे त्यांनी वर्षानुवर्षे करून दाखवले. आपण त्या काळात ठराव पास करत होतो.

तेव्हाच्या लढ्याला एक सोय होती. दुकानाला दार होते. साठेबाजाच्या गोदामासमोर उभे राहून थाळी वाजवता येत असे. आज मोर्चा न्यायचा कोठे? अॅप उघडले की दुकान, मिटले की काही नाही. आणि म्हणून राग निघतो तो दारात येणाऱ्या पोरावर. ऑर्डर उशिरा आली, चुकीची आली, रद्द झाली, शिव्या त्याने खायच्या. दादरच्या प्रकरणातही पहिले उत्तर काय होते? माल पोचवणाऱ्याने प्रयत्न केले, ग्राहकच नव्हता. खरेखोटे कोणी पाहायचे? ग्राहकाने पोराला खोटे म्हणावे, पोराने ग्राहकाला, आणि ज्याच्या संगणकात रद्द करण्याचे बटण आहे तो या भांडणात कोठेच नसावा, अशी ही रचना आहे. आपल्या सोसायट्यांतून मी पाहतो, अशा मुलांना लिफ्ट वापरू देत नाहीत. ग्राहकाच्या हक्काची चळवळ त्या मुलाविरुद्ध वळली, तर ती आपल्याला नको. राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मागायचे काय, ते मी थोडक्यात सांगतो, चर्चेत त्यावर बोलता येईल. पैसे घेऊन ऑर्डर निश्चित केल्यावर कंपनीने ती रद्द केली, तर तीच वस्तू त्याच किमतीत द्यावी, नाही तर बाजारभावातील फरक द्यावा. पैसे जितके दिवस ठेवले त्याचे व्याज, कोणी न मागता, परताव्याबरोबर यावे. रद्द करण्याचे खरे कारण लेखी मिळावे. आणि दायित्व बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीचे असावे. तिने नंतर विक्रेत्याशी काय ते पाहून घ्यावे. त्या रकमेतील एक रुपयाही माल पोचवणाऱ्याच्या कमाईतून कापला जाऊ नये, ही अट मी या मागणीपासून वेगळी करायला तयार नाही.

काजूपाड्याच्या भगिनीने अजून हाताने कणीक मळणे सोडलेले नाही. दोन्ही संदेश, बँकेची नोंद, वाढलेल्या किमतीचे मुलाने काढून ठेवलेले चित्र आणि बचत गटाची पावती, एवढे कागद जमले आहेत. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा महिना संपला, उत्तर आले नाही. येत्या सोमवारी आपण तक्रार दाखल करत आहोत. फरकाचे दोन हजार सातशे, व्याजाचे एकशेवीस आणि गेलेल्या कामाची भरपाई, असे तिच्या सांगण्यावरून लिहिले आहे. एकशेवीस रुपये लिहायलाच हवेत, असा तिचा आग्रह आहे. सुनावणीची तारीख लागली की तिला डबे सोडून वांद्र्याला जाता येणार नाही. त्या दिवशी तिच्या डब्यांना हात कोण लावणार आणि तिच्यासोबत कोण जाणार, ती नावे आज सभा संपण्यापूर्वी मला हवी आहेत.